उलट्या पावलांची गल्ली

तुम्हाला लांब काही बघवतच नाही. वाट लांब असली की तुम्ही आडवाट शोधता. गोष्ट लांब असली की घड्याळाकडे बघता. लांब कापड हातात आलं की तुमच्या तोंडून पहिला शब्द निघतो, ‘कात्री कुठाय?’ आणि एखादी इमारत लांब असली, या टोकावरून त्या टोकाचा माणूस मुंगीएवढा दिसावा इतकी लांब, तर तुम्ही खडूने तिच्या अंगावर आडव्या रेघा मारता. इथे भिंत, इथे भिंत, इथे भिंत. मी कोणाचं नाव घेत नाही. ज्याने खडू धरला असेल त्याने ओळखून घ्यावं.

मी गल्ली बोलतेय. रस्त्यावरची गल्ली नव्हे. मला छप्पर आहे, लाकडी जमीन आहे, एका अंगाला ओळीने दारं आहेत आणि दुसऱ्या अंगाला ओळीने खिडक्या. मी दोरखंडाचा कारखाना. पण इथे काम करणाऱ्यांनी मला कारखाना कधी म्हटलंच नाही. “चल, गल्लीत चल,” म्हणायचे आणि जेवणाचे डबे काखोटीला मारून यायचे. अरुंद आणि लांबच लांब, म्हणून गल्ली. मला ते नाव आवडतं.

माझा जन्म एका दोरामुळे झाला. माझ्या पहिल्या मालकाला सुताराने विचारलं, “शेठ, शेड किती लांब हवी?”

“जहाजाच्या नांगराचा दोर जेवढा लांब, तेवढी.”

सुताराला थट्टा वाटली. “अहो, दोर काय, गुंडाळून कोपऱ्यात ठेवता येतो!”

“झाल्यावर गुंडाळतात. होताना त्याला सरळ पडून राहावं लागतं. मधे जोड दिलेल्या दोरावर जहाज कोण सोपवेल?”

म्हणून मी अशी आहे. घरं माणसाच्या मापाने बांधतात, मला दोराच्या मापाने बांधलं. शेवटची तुळई चढली तेव्हा तोच सुतार एका टोकाला उभा राहून सहज खाकरला. तो आवाज माझ्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला, तिथे क्षणभर थांबला आणि परत आला. सुताराने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी किती लांब आहे हे मलाही त्याच क्षणी कळलं.

दोर कसा होतो हे तुम्हाला कुणी दाखवलं नसणार. तुमच्या दुकानात तो झालेलाच येतो. माझ्या एका टोकाला मोठं चाक होतं, चाकाला जोडलेले लोखंडी आकडे होते. चाक फिरलं की आकडे गरगर फिरायचे. कामगार तागाचा मोठा गुंडाळा कमरेभोवती बांधायचा, त्यातली एक बट ओढून आकड्यात अडकवायचा आणि मागे मागे चालू लागायचा. तोंड चाकाकडे, पाठ रिकाम्या गल्लीकडे. बोटांतून ताग सुटायचा आणि सुटता सुटता पीळ बसून त्याचं सूत व्हायचं. असा दिवसभर उलटा प्रवास.

माझ्यात पुष्कळांनी काम केलं, पण डोळ्यांसमोर येतात ती दोघंच. नवरा-बायको. ती चाक फिरवायची, म्हणून तिला सगळे चाकवाली म्हणत. तो सूत काढायचा. त्याला म्हणत ‘उलटा’. घरीही तो दारातून पाठमोरा आत येतो आणि सासू त्याला हसते, असं बाकीचे सांगायचे. खरं-खोटं मला माहीत नाही, मी त्याचं घर पाहिलेलं नाही.

सकाळी ती दोघं एकमेकांच्या नाकासमोर उभी असायची. मग चाक कुरकुरायचं आणि तो दूर दूर जायला लागायचा. आधी त्याच्या मिशा दिसेनाशा व्हायच्या, मग डोळे, मग नुसता शर्ट, मग एक ठिपका. नवरा लांब जातोय आणि दोघांमधलं सूत तेवढंच वाढत चाललंय, हे मी रोज पाहायची आणि रोज थक्क व्हायची. अजूनही होते.

माझ्याकडे एक नियम होता. मागे चालणाऱ्याने वळून बघायचं नाही. वळला की हात ढिला पडतो, आणि हात ढिला पडला की सूत कुठे जाड, कुठे बारीक. आणि बारीक सुताचा दोर कुठे तुटेल याचा नेम नाही. त्यामुळे त्याच्या मागे काय आहे ते बघायचं काम चाकावरच्या माणसाचं. तिने हाताकडे नाही, चाकाकडे नाही, त्याच्याकडेच बघत राहायचं. आणि त्याने तिच्यावर विश्वास ठेवायचा. बास.

सुरुवातीला यावरून भांडणंही झाली.

“डावीकडे सरक, बादली आहे!”

“कोणाच्या डावीकडे? तुझ्या का माझ्या?”

“माझ्या... नाही नाही, तुझ्या! अरे देवा!”

बादली आडवी, पाणी सगळीकडे, आणि त्यात उलटा. “इतकी वर्षं संसार केलास, तुला अजून डावं-उजवं कळत नाही?”

“कळतं हो चांगलं! तू समोर उभा राहतोस म्हणून उलटं होतं.”

त्या दिवसापासून माझ्यात डावं-उजवं बंद झालं. “दाराकडे!” किंवा “खिडकीकडे!” एवढंच ओरडायचं. दार दोघांसाठी दारच असतं आणि खिडकी खिडकीच.

अशी पुष्कळ सुतं एकत्र पिळून पेड व्हायचा आणि तीन पेडांचा दोर. तो दिवस आला की बाकी सगळी कामं थांबायची. तीन पेड माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरायचे. त्यांच्यामधे तीन खाचांचा लाकडी भोवरा बसवायचा आणि पलीकडे, रुळांवरच्या एका गाड्याला तिन्ही पेडांची टोकं एकत्र अडकवायची. चाक फिरलं की पेड थरथरायला लागायचे. माझ्या तुळयांपर्यंत ती थरथर चढायची. मग आपोआप, कुणी हात न लावता, भोवरा हळूहळू पुढे सरकायचा आणि त्याच्या मागे तिनाचा एक झालेला असायचा. एवढे बोलके कामगार, पण त्या वेळी कुणी बोलत नसे. तेच काम, तेच लोक, शेकडो वेळा पाहिलेलं, तरी दर वेळी तोंडं उघडी.

आणि एक गंमत. पीळ बसतो तसा दोर आखूड होतो. पलीकडचा गाडा आपसूक पुढे ओढला जातो. नवा कामगार घाबरायचा, “अहो, आखूड झाला हा!” तेव्हा उलटा म्हणायचा, “होणारच. त्याशिवाय एकमेकांना धरतील कसे?”

माझ्यातला दोर बाहेर जायचा आणि परत यायचा नाही. मी समुद्र पाहिलेला नाही. पण मला माहीत होतं, कुठेतरी वादळात एक अख्खं जहाज माझ्या लांबीवर टांगून उभं आहे. त्या विचाराने मी कित्येक दिवस नुसती भारावून असायची.

मग नायलॉनचा दोर आला. तो छोट्याशा खोलीत, यंत्राच्या पोटातून, वेटोळी घालतच बाहेर पडतो. त्याला लांबी लागत नाही. मालकाच्या नातवाने एक दिवस चाक थांबवलं. उलट्याने कमरेचा ताग सोडला, चाकवालीने हात पदराला पुसले आणि दोघं माझ्यातून बाहेर पडली, शेजारी शेजारी, सरळ पावलांनी. त्यांचं बोलणं सारखं अडखळत होतं. समोरासमोर बोलायची सवय ना! शेवटी फाटकाशी तो वळला, तिच्या समोर आला आणि उलटा चालायला लागला. ती म्हणाली, “दाराकडे सरक, दगड आहे.” एवढंच मला ऐकू आलं.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पाखरांनी तुळयांवर घरं केली. वस्तीतली मुलं खिडकीतून डोकावायची आणि एकमेकांना भिववायची, “आत भूत आहे, उलट्या पायांचं!” मला हसू यायचं. तसं चुकीचं काय होतं त्यात? माझ्या लाकडी जमिनीवर मधोमध एक उथळ चर पडलाय, पावलांनी झिजून गुळगुळीत झालेला. तो सगळा टाचांचा आहे.

मग पाटी लागली, ‘जागा विकणे आहे’. माणसं यायची, माझ्याकडे पाठ करून उभी राहायची आणि जमीन मोजायची. माझ्याकडे वर मान करून कुणी बघितलं नाही.

एक आली ती मात्र दारातच थबकली. तरुण होती, खांद्यावर नकाशांची नळी. विद्यापीठात कला विभागात शिकवते आणि स्वतः वास्तुरचनाकार आहे, हे मला नंतर कळलं. ती माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, चालत परत आली आणि एकच शब्द बोलली.

“बापरे.”

कितीतरी वर्षांनी माझ्याशी कुणी बोललं होतं.

तिने मला वाचवायचा ध्यास घेतला. चित्रकला, नाटक, संगीत, विणकाम, सगळ्या विभागांना जागा हवी होती, आणि मी रिकामी पडले होते. ती रोज विद्यापीठाच्या संचालकांच्या मागे लागायची. संचालक वाईट गृहस्थ नव्हते. फक्त त्यांची नजर कायम हातातल्या फोनवर असायची. त्यांनी अट घातली आणि ती माझ्याच दारात उभं राहून घातली:

“प्रत्येक विभागाला स्वतःची खोली, स्वतःचं दार, स्वतःचं कुलूप. पुढचं सत्र सुरू व्हायच्या आत. जमत नसेल तर आपण ही जागा घेत नाही, मॅडम. मग ज्याला पाडायची तो पाडेल.”

मॅडम गुडघ्यांवर बसल्या, खिशातून खडू काढला आणि माझ्या अंगावर पहिली आडवी रेघ मारली.

मला वाचवायला आलेल्या मुलीच्याच हातात खडू होता! तिच्यावर चिडू की तिचे आभार मानू, मला कळेना. पाडलं तर मी मरणार. कापलं तर जगणार, पण गल्ली म्हणून नाही. ओळीने लावलेले डबे म्हणून.

संचालकांना दाखवायला नमुन्याची एक भिंत घालायचं ठरलं. गवंड्यांनी मॅडमच्या नकाशाप्रमाणे ती बरोबर माझ्या मध्यावर घातली, या अंगापासून त्या अंगापर्यंत. जन्मल्यापासून पहिल्यांदा मला माझं दुसरं टोक दिसेना.

दुसऱ्याच दिवशी मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन आल्या. त्यात विणकाम शिकणारी एक मुलगी होती, सगळीकडे हात घालणारी. तिला फळ्यांच्या ढिगाखाली माझं जुनं चाक सापडलं. तिने त्याला तेल पाजलं, आणि ते कुरकुरलं! तोच जुना आवाज.

“मॅडम, उद्घाटनाच्या पडद्याला दोर लागणारच आहे. आपणच करू या?”

नाटकवाल्या एका मुलाने ताग खांद्यावर टाकला आणि निघाला, सरळ पुढे तोंड करून. सूत पाठीमागे, डोळे पुढे. थोड्या वेळात त्याच्याभोवती असा गुंता झाला की त्याला कात्रीने सोडवावं लागलं.

“अरे, तुला सूत दिसत नाहीये, तर हाताला काय कळणार?” मॅडम म्हणाल्या. “थांब. मला बांधा तो ताग.”

“मॅडम, साडी खराब होईल.”

“होऊ दे.”

त्या चाकाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. विणकर मुलीने चाक फिरवलं. आणि मॅडम मागे निघाल्या. पहिली पावलं चाचपडत, मग टाच त्या चरात पडली. त्यांना ते कळलंही नाही. पण त्यांचे पाय सरळ पडू लागले. ज्या वाटेने उलटा हजारो वेळा गेला, त्याच वाटेने, न बघता. बोटांतून सूत निघत होतं. मॅडमचा चेहरा, काय सांगू, लहान मुलाने पहिल्यांदा पतंग उडवावा तसा झाला होता. माझ्या सगळ्या तुळया श्वास रोखून बघत होत्या.

धाड!

मॅडम भिंतीवर आदळल्या आणि खाली बसल्या. सूत तुटलं. विणकर मुलगी धावत आली.

“सॉरी मॅडम! मी चाकाकडेच बघत राहिले. ते इतकं भारी फिरत होतं...”

“असू दे गं,” पाठ चोळत मॅडम म्हणाल्या. “पण ही भिंत कोणी घातली मधेच?”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. नाटकवाला चाचरत म्हणाला, “तुम्हीच, मॅडम.”

सगळे खो खो हसले. मॅडमही हसल्या. मग हसू ओसरलं तरी त्या उठल्या नाहीत. पाठ भिंतीला टेकून, हातात तुटकं सूत धरून त्या चाकाकडे बघत बसल्या. मग मागे वळून त्यांनी भिंतीवर हात ठेवला. पलीकडे जेवढी मी होते, तेवढी त्यांना आता दिसत नव्हती, पण मला वाटतं, कळत होती.

दोन दिवसांनी संचालक भिंत बघायला आले. मॅडमनी कमरेला ताग बांधलेलाच होता.

“हे काय सोंग?”

“सर, एक मदत हवीय. हे चाक फिरवाल? फोन जरा या विणकर मुलीकडे द्या. आणि माझ्याकडेच बघा. मला मागचं दिसत नाही.”

संचालकांनी इकडेतिकडे बघितलं. मुलं टकमक बघत होती. नाही म्हणायला लाज वाटली असावी. त्यांनी बाह्या सरसावल्या.

चाक फिरलं. मॅडम मागे मागे निघाल्या. संचालक आधी ओशाळलेले होते, मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या हातातल्या फिरण्याचं पलीकडे सूत होत होतं आणि एक माणूस त्यांच्या नजरेवर विसंबून त्यांच्यापासून दूर चालला होता. त्यांच्याकडे कोणी इतका वेळ सलग बघितलं नसेल. त्यांनीही बघितलं नसेल कोणाकडे.

भिंत जवळ आली. मॅडमना ती ठाऊक होती, या वेळी चांगलीच ठाऊक होती. त्या थांबल्या नाहीत. पावलांचा वेगही त्यांनी कमी केला नाही.

“मॅडम,” संचालक पुटपुटले. मग मोठ्याने, “अहो मॅडम!” आणि मग माझ्या छपरावरची पाखरं उडाली एवढ्या जोरात, “थांबा! मागे भिंत आहे! मधे भिंत आहे!”

मॅडम थांबल्या. भिंत त्यांच्या पाठीपासून वीतभर होती.

“हो सर,” त्या तिथूनच म्हणाल्या. त्यांना ओरडावं लागलं नाही, माझ्यात साधं बोललेलंही पोचतं. “तेच सांगायचं होतं.”

संचालकांनी कपाळ पुसलं.

“पण मॅडम, गाणाऱ्यांचा गोंगाट, चित्रकारांना शांतता... कुलपं तर लागतीलच ना?”

“गोंगाट करणाऱ्यांना शेजारच्या जुन्या तागाच्या गोदामात खोल्या देऊ, तिथे भिंती जाड आहेत. बाकीच्यांना इथेच, फळ्यांचे आडोसे, चाकांवरचे. गाड्याचे रूळ अजून शाबूत आहेत. हवं तेव्हा ओढा, हवं तेव्हा सारा. पण मला रोज एकदा सगळं सरकवून ही पूर्ण मोकळी हवी. सर, खोल्या कुठेही बांधता येतील. हे अंतर कुठून आणणार?”

“आणि चालले नाहीत आडोसे, तर?”

“तर ही जागा मी मागितली होती, हे सगळ्यांना माहीत आहे. मला काढा.”

संचालकांनी अजून चाकाचा दांडा सोडला नव्हता. “तुम्हाला काढून काय करू? भिंत तुम्ही घातलीत, तुम्हीच पाडा. पण ऐका, त्या शेवटच्या टोकाला कार्यालयासाठी जागा मी घेणार. त्यात हो-नाही नको.”

मॅडमनी डोळे मिटले. मला वाटलं, भांडतील. त्या म्हणाल्या, “चालेल.”

तेव्हा माझं शेवटचं टोक गेलं. आता तिथे टेबलं आहेत आणि रांगा. खोटं कशाला बोलू, मला दुखलं. पण मग उलट्याचं बोलणं आठवलं. मी थोडी आखूड झाले, कारण कुणीतरी कुणालातरी धरलं.

आता माझ्यात चित्रं वाळतात, माग खटखटतात, नाटकवाले एकच वाक्य पंचवीस तऱ्हांनी म्हणतात. संध्याकाळी आडोसे गडगडत कडेला जातात आणि मी उघडते. उद्घाटनाचा दोर असाच एका संध्याकाळी झाला. तीन पेड ताणले. जुना भोवरा सापडला नाही, शिल्पकलेच्या मुलांनी नवा कोरला. गाड्याच्या बाजूला मॅडम, चाकावर विणकर मुलगी, नजर समोर रोखलेली. “खिडकीकडे!” ती मधेच ओरडली आणि कडेची मुलं बाजूला झाली. हा शब्द तिला कुणी शिकवला? कुणीच नाही. डावं-उजवं करून दोनदा घोटाळा झाला, म्हणून त्यांनी स्वतःच शोधला. पेड थरथरले. भोवरा हलला, सरकला, आणि त्याच्या मागे तिनाचा एक होत गेला. एवढी बडबडी मुलं, पण कुणी हूं की चूं केलं नाही. त्यांची उघडी तोंडं मी कुठेतरी पाहिली होती.

एवढंच मागणं आहे. मला जपा असं म्हणत नाही. जपून ठेवलेल्या वस्तूंवर धूळच बसते. मला वापरा, माझ्यात पसारा करा, भांडा. फक्त खडू उचलण्याआधी एकदा या टोकाला उभे राहा आणि तुमच्या एखाद्या माणसाला त्या टोकापर्यंत जाऊ द्या. त्याच्याकडे बघत राहा. मग ठरवा.

दोर झाला त्याच्या आदल्या दिवशी वायरमन आला होता, मधल्या मोठ्या दिव्यांची जोडणी करायला. शिडी खांद्यावर घेऊन तो मला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा तुडवून आला, घाम पुसला आणि मॅडमना विचारलं, “बटण कुठल्या टोकाला देऊ?”

मॅडम विचारात पडल्या. त्याला काही तेवढा वेळ नव्हता.

“जाऊ दे, दोन्हीकडे देतो,” तो वायरचं वेटोळं सोडत म्हणाला. “इकडच्याने दिवा लावला की तिकडच्याला कळेल, समोर कुणीतरी आहे.”